आयपी पत्ता ठेवायचा कशात: इंट की व्हारबायनरी?

कोणत्या पत्त्यावरून किती डेटा गेला, या नेटवर्क ट्रॅफिकच्या हिशेबाचं टेबल झपाट्याने फुगतं, म्हणून पत्ता मजकूर म्हणून ठेवणं मुळातच बाद. १५ अक्षरांपर्यंत जागा जाते आणि क्रमवारीत १०.०.०.१० हा १०.०.०.९ च्या आधी येतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मग दोन वाटा उरतात.

अनसाइन्ड इंट (ऋण नसलेली पूर्णांक संख्या): ४ बाइट, बस्स. १९२.१६८.१.० चं अख्खं /२४ सबनेट (पहिले २४ बिट सारखे असलेले २५६ पत्ते) म्हणजे ३२३२२३५७७६ ते ३२३२२३६०३१ एवढी रेंज, इंडेक्सही नीट लागतो. ‘अनसाइन्ड’ मात्र विसरू नका, नाहीतर १२८.०.०.० पासून पुढचे पत्ते मावतच नाहीत.

१६ बाइटांपर्यंतची व्हारबायनरी (कमी-जास्त लांबीचे कच्चे बाइट): लांबी नोंदवणाऱ्या बाइटसकट आयपीव्ही४ ला (वरच्यासारखा ४ बाइटांचा पत्ता) ५ बाइट, आयपीव्ही६ ला (नवा, १६ बाइटांचा) १७. गोम वेगळीच आहे. तुलना डावीकडून बाइटागणिक होते, त्यामुळे २००१::/१६ ची (२००१ ने सुरू होणाऱ्या आयपीव्ही६ पत्त्यांची) रेंज मागितली की ३२.१.१३.१८४ हा आयपीव्ही४ पत्ताही गुपचूप आत घुसतो (३२ आणि १ हे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर, २० आणि ०१च की!). तेव्हा लांबीची अट घालाच. चुकीचं बिल ग्राहकाच्या माथी मारून मग माफी कोण मागणार?

फक्त अंतर्गत आयपीव्ही४ चाच हिशेब असेल तर इंट. बाकी सगळीकडे मी व्हारबायनरीच घेईन. एक बाइट वाचवायचा आणि पुढे आयपीव्ही६ साठी भरलेल्या टेबलाचा कॉलम बदलत बसायचं, हा सौदा महागाचा आहे.