सेफ्टी बूट, मागखात्यातली दमट हवा आणि मेरिनो लोकरीचे मोजे: वर्षभराच्या वापरानंतर

मेरिनोचे मोजे, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचे मोजे, पाय थंड ठेवत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण विकणारे नेमकं "पाय थंड राहतात" असंच छापतात आणि मग उन्हाळ्यात घालून बघणारा माणूस वैतागतो. या मोज्यांची खरी करामत वेगळी आहे. पाय ओलसर झाला तरी कातडी भिजून फुगत नाही, आणि पाळीच्या शेवटच्या दोन तासांत जो चिकचिकाट सुरू व्हायचा तो बराच पुढे ढकलला जातो. आठ तास स्टीलच्या टोपाच्या बुटात उभं राहणाऱ्याला यातच सगळं आलं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. दिवसाचा अर्धा वेळ मागखात्यात, म्हणजे माग चालतात तिथे, उरलेला प्रोसेसला, म्हणजे ब्लीचिंग आणि डाइंगच्या बाजूला. बाहेरगावचे लोक म्हणतात, सोलापूरची हवा कोरडी, तुम्हाला दमटपणाचा त्रास कसला? बाहेरची हवा कोरडीच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो, ओठ फुटतात. पण मागखात्याचं दार उघडून आत पाऊल टाकलं की हवा बदलते. सुताला ओल लागते. सूती धागा दमट हवेत जास्त मजबूत असतो, त्यावरची कांजी कडक होऊन तडकत नाही, धागे कमी तुटतात आणि तूसही कमी उडतं. म्हणून ह्युमिडिफिकेशन प्लँट लावून आतली आर्द्रता 75 ते 80 टक्क्यांवर धरून ठेवतात. धाग्याचं भलं होतं, पायाचं होत नाही. घाम वाळायला भोवतालची हवा कोरडी लागते, ती तिथे बाराही महिने नसते. त्यात जाड कातड्याचा बूट.

मे महिन्यात लोकरीचे मोजे घालून आलो तेव्हा आमच्या एका जुन्या जॉबर (मागांवरचे मुकादम) मामांनी विचारलं, "उन्हाळ्यात लोकर घाललालास व्हय बे?" प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सांगोला-माळशिरसकडे मेंढ्यांमागे फिरणारे धनगर घोंगडी फक्त थंडीत वापरत नाहीत. पावसात ती डोक्यावर असते आणि उन्हातही खांद्यावरून खाली येत नाही. घोंगडी आणि मोजे यांत फरक आहे तो लोकरीच्या जाडीचा. दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती उघड्या कातडीला टोचते. तंतू साधारण 30 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की टोचायला लागतो. मोज्यांना वापरतात ती मेरिनो बहुतेक 17 ते 20 मायक्रॉनची असते, तिचा तंतू कातडीवर वाकतो, रुतत नाही. खाज सुटेल ही भीती मलाही घातली होती. मला एकदाही सुटली नाही.

आता आत काय होतं ते सांगतो. सुताच्या धंद्यातल्या माणसाला रिगेन सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी: ठराविक हवेत ठेवलेला तंतू स्वतःच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी धरतो, तो आकडा. कापसाचा साडेआठ, नायलॉनचा चारच्या आसपास, पॉलिएस्टरचा जेमतेम 0.4. लोकरीचा सोळाच्या आसपास, म्हणजे कापसाच्या जवळपास दुप्पट. हवा आणखी दमट झाली तर लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या तंतूची बाहेरची खवल्यांची साल पाण्याला दूर ठेवते, आतला गाभा मात्र वाफ ओढून घेतो. शिवाय तंतू जन्मतः कुरळा, त्यामुळे ओला झाला तरी कातडीला सपाट चिकटत नाही.

कापसाचं उलटं. आमचा टॉवेल चांगला का, तर तो पाणी चटकन ओढतो आणि धरून ठेवतो. अंग पुसून तो आपण दोरीवर टाकतो. तोच टॉवेल पायाला गुंडाळून बुटात आठ तास कोंडला तर काय होईल, तेच सूती मोज्याचं होतं. कापसाबद्दल हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही. आमचं घर कापसावर चालतं. पण बुटाच्या आतली जागा कापसाची नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पहिली जोडी घेतली, म्हणजे सुरुवातच सर्वात वाईट दिवसांत झाली. आधी दर पावसाळ्यात मला चिखल्या व्हायच्या, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधे. पाळी सुटल्यावर सूती मोजा काढला की तिथली कातडी पांढरीफटक, फुगलेली, नखाने जरा ओढली तर पापुद्रा निघेल अशी. घोट्यावर मोज्याच्या विणीचे वळ उमटलेले. मेरिनो घातल्यापासून बुटातून निघालेला पाय कोरडा असतो असं म्हणणार नाही, ओलसर असतोच. पण बोटांमधली कातडी तिच्या मूळ रंगाची असते. मोजा काढून बोटांच्या बाजूला चिमटीत दाबून बघितला तर ओल बाहेरच्या अंगाला जास्त जाणवते, पायाकडच्या बाजूला कमी. सप्टेंबर सरेपर्यंत चिखल्यांची फक्त सुरुवात व्हायची आणि पावडरीने आवरायची. मला एवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बुरशी आधीच झालेली असेल तर हे मोजे तिचा इलाज नाहीत, उलट अडचण आहेत. मोज्यातली बुरशी मारायला 60 अंशाच्या पाण्यात धुवावं लागतं आणि मेरिनोच्या पट्टीवर 30 नाहीतर 40 लिहिलेलं असतं. तोपर्यंत उकळता येतील असे साधे सूती मोजे, दिवसातून दोनदा बदलून, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. कातडी पूर्ण बरी झाल्यावरच लोकर. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी पायाच्या बाबतीत मोज्यावर भरवसा न ठेवता आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

उन्हाळ्याचा अनुभव थोडा मिश्र आहे. लोकर वाफ शोषते तेव्हा तिच्यातून थोडी उष्णता बाहेर पडते, हे शास्त्रच आहे. पाळीच्या सुरुवातीला पाय किंचित गरम वाटतात. पुढे ते जाणवेनासं होतं, आणि दुपारनंतर सूती मोज्यापेक्षा नक्कीच बरं वाटतं. पण जाड, तळाला गादी असलेली जोडी उन्हाळ्यात अजिबात घेऊ नका. ट्रेकिंगच्या नावाने विकतात ती. मी एक घेतलीय, ती पंजाला बूट घट्ट करते, स्टीलच्या टोपात बोटांना हलायला जागा राहत नाही, आणि जागा नसली की हवाही नसते. पातळ, पिंढरीच्या निम्म्यापर्यंत येणारी, म्हणजे बुटाच्या काठाच्या वर दोन बोटं, हीच सोलापूरच्या कामाची.

प्रोसेसला हे मोजे हरतात. तिथे जमिनीवर कायम पाणी, मशीन धुताना बुटात वरून पाणी शिरतं. घामाची वाफ वेगळी आणि बुटात भरलेलं पाणी वेगळं. पूर्ण भिजलेली लोकर जड होते आणि पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी सावकाश वाळते. त्या दिवशी लॉकरमधली दुसरी जोडी काढायची, बस. गमबूट घालणाऱ्यांनाही मी हे सुचवणार नाही. रबरातून वाफ कुठेच जात नाही, मग लोकर भरली की भरली.

आणि हा मुद्दा बुटाकडे जातो, ज्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. लोकर वाफ साठवते, पुढे ती कुठेतरी सोडावी लागते. रात्रभरात बूट वाळला नसेल तर सकाळी सुक्या मोज्याला ओला बूट भेटतो आणि पहिल्या तासातच सगळी जागा भरते. कातड्याचा बूट आतून नीट वाळायला एक रात्र पुरत नाही. म्हणून दोन जोड बूट, एक दिवसाआड. आतली गादी बाहेर काढून ठेवायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. बॉयलरजवळ बूट सुकवायची पद्धत आमच्याकडेही आहे. त्याने कातडं कडक होऊन तडकतं आणि सोल सुटायला लागतो.

लोकरीच्या मोज्यांना वास कमी येतो असं जे बोलतात ते बऱ्याच अंशी खरं निघालं. लोकर जंतू मारत नाही, पण वास धरून ठेवते, हवेत लवकर सोडत नाही. उन्हाळ्यात एक पाळी झाली की रात्रभर दोरीवर वारा देऊन दुसऱ्या दिवशी तोच मोजा घालता येतो. पावसाळ्यात मी हे करत नाही. तेव्हा मोजा रात्रीत वाळतच नाही, पंख्याखाली ठेवला तरी टाचेला ओल राहते. मेमध्ये तोच मोजा सावलीत दुपारभरात खडखडीत.

धुण्यात मात्र घरच्यांना समजावून सांगावं लागतं. एका सहकाऱ्याची नवी जोडी युनिफॉर्मबरोबर गरम पाण्यात, सोडा टाकून गेली. बाहेर आली ती लहान मुलाच्या मापाची. लोकरीच्या तंतूवरची खवली उष्णता आणि घुसळण मिळाली की एकमेकांत अडकतात आणि ती गाठ पुन्हा सुटत नाही. सुपरवॉश केलेल्या, म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला हा धोका कमी, तरी क्षार तिलाही खातातच. थंड पाणी, सौम्य साबण, उलटा करून हाताने दाबून धुवायचा, पिळायचा नाही. ब्लीच तर जवळही आणू नका, त्यातल्या हायपोक्लोराइटमध्ये लोकर विरघळते. ठेवताना कसर लागते हे विसरू नका. कसरीला घामट लोकर जास्त आवडते, म्हणून धुतल्याशिवाय कपाटात टाकू नका, आणि सोबत डांबरगोळी कापडात बांधून.

क्षार लोकरीला खातात, यावरूनच खरी लोकर पारखण्याचं एक साधन हाताशी आलं. आमच्या लॅबमध्ये मिश्र धाग्यातली लोकर मोजायची जुनी पद्धत आहे: पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावात तुकडा टाकायचा, लोकर विरघळते, बाकीचं उरतं. एका स्वस्त जोडीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरात "मेरिनो" होतं. तिचा तुकडा सुकवून तोलला, द्रावात टाकला. पाणी पिवळट झालं, तुकडा जाळीसारखा विरळ झाला, पण आकार टिकून राहिला. धुऊन, वाळवून परत तोलला तर निम्म्याहून जास्त वजन शिल्लक. म्हणजे लोकर नावाला. घरी हा उद्योग करू नका, उकळतं कॉस्टिक डोळा घालवतं. घरी एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते, राख बोटात चुरते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हा गुण वेल्डिंग करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावा: ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटणारा मोजा आणि न चिकटणारा मोजा यात फार अंतर आहे.

उलट शंभर टक्के मेरिनोच्या मागेही लागू नका. ओली लोकर कमजोर होते, आणि बुटाची टाच तिला रोज घासते. 60-70 टक्के मेरिनो, 25-30 टक्के नायलॉन, थोडं इलास्टेन (ताणणारा धागा), हे मिश्रण टिकतं. माझ्या पहिल्या जोडीची टाच आता पातळ झालीय, धरून बघितलं तर उजेड दिसतो, पण भोक नाही. पुढची शिवण हात फिरवून बघा. बोटांवर जाड वळी असेल तर स्टीलच्या टोपाखाली ती दिवसभर बोचते.

किमतीचं म्हणाल तर बऱ्या जोडीला हजाराच्या आसपास मोजावे लागतात, आणि मागावर काम करणाऱ्याला हा आकडा लहान नाही. म्हणून माझं मत असं: बुटाचा एकच जोड असेल तर आधी दुसरा जोड किंवा निदान दुसरी गादी घ्या, त्यानेच निम्मा त्रास जाईल. ते झाल्यावर मेरिनोच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा, आणि पहिली खरेदी मे महिन्यात न करता जूनमध्ये करा. फरक तेव्हाच नीट कळतो. ऑफिसात बसणाऱ्याला, चपलेवर फिरणाऱ्याला यावर खर्च करायची गरज नाही, त्यांच्या पायाला सोलापूरची कोरडी हवा फुकट मिळते.