आकडा ८१२, आणि तळाची बारीक ओळ

मला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयव घट्ट करत जाणारा आजार, होऊन सहा वर्षं झाली. अँटी-एससीएल-७० पॉझिटिव्ह, म्हणजे फुफ्फुसांचा धोका सुचवणारी प्रतिद्रव्यं रक्तात आहेत, त्यामुळे फुफ्फुसांवर नजर ठेवणं आलंच. पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला की वेल्क्रो उघडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो म्हणतात. मला एवढंच कळतं की दुसरा जिना चढताना थांबावं लागतं. फुफ्फुसांचा आजार पुढे किती सरकेल याचा रक्तावरून अंदाज देणारं एका लॅबचं पॅकेज मी तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा घेतलं. लॅबचं नाव देत नाही, अनुभव सांगते.

रक्त काढायला घरी आलेल्या मुलीला मात्र पाचापैकी पाच. माझ्या हातांची कातडी ताणून चामड्यासारखी झालेली, शीर मिळता मिळत नाही. "मावशी, बोटं किती गार आहेत हो!" म्हणाली, आणि सुई बाजूला ठेवून आधी गरम पाण्याची पिशवी मागितली. दहा मिनिटं हात शेकवला, मग बारकी बटरफ्लाय सुई. एका टोचणीत काम. मोठ्या दवाखान्यांतही माझ्या वाट्याला तीन-तीन टोचण्या आल्यात.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. केएल-६ नावाच्या रक्तातल्या द्रव्याचा आकडा ८१२, शेजारी लाल बाण. खाली लाल चौकटीत 'प्रोग्रेशन रिस्क : हाय'. आणि कंसात तपासणीचं पूर्ण नाव, क्रेब्स फॉन डेन लुंगेन. जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे कर्करोग! मी पेशाने मुद्रितशोधक, अनोळखी शब्द दिसला की कोश उघडल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्री उघडला नसता तर बरं झालं असतं. जपानमध्ये हे द्रव्य आधी कर्करोगाची खूण म्हणून शोधलं गेलं, त्याचं ते नाव. पुढे लक्षात आलं की फुफ्फुसांतल्या वायुकोशांच्या अस्तराला इजा झाली, तिथल्या टाइप-२ पेशी डिवचल्या गेल्या, की ते रक्तात जास्त उतरतं. आता इंटरस्टिशियल, म्हणजे वायुकोशांमधल्या पडद्यांना सूज आणि व्रण येणाऱ्या आजारासाठीच ते मुख्यतः बघतात. ही दोन वाक्यं रिपोर्टवर छापायला काय हरकत होती?

डॉक्टरांनी लाल चौकटीकडे पाहिलंही नाही. "ताई, एका आकड्यावरून पुढचं सांगता येत नाही. तीन महिन्यांनी याच लॅबमध्ये परत करा, चढतो की उतरतो ते बघू." ५००च्या वर गेला की जास्त, ही मर्यादा जपानी लोकांच्या रक्तावरून आली आहे. हे द्रव्य ज्यावरून बनतं त्या एमयूसी-१ जनुकाच्या ठेवणीप्रमाणे हा आकडा मुळातच कुणाचा जास्त, कुणाचा कमी असतो. म्हणून आपली तुलना आपल्याच जुन्या आकड्याशी.

दुसऱ्या वेळी १,०४०. पोटात गोळा आला. घरच्यांना सांगायच्या आधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि प्रुफं वाचते तसे ओळीवर पट्टी धरून वाचत गेले. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात, मोजण्याची पद्धत : पहिल्यावर लॅटेक्स, दुसऱ्यावर केमिल्युमिनेसन्स. फोन केला. तीन जणांकडून फिरत फिरत उत्तर मिळालं, नमुने आता दुसऱ्या यंत्रावर लावतात. मग मधला फरक फुफ्फुसांचा की यंत्राचा? पलीकडून, "मॅडम, दोन्ही पद्धती मान्यताप्राप्त आहेत." असतील हो! पण सोनाराने वजनकाटा बदलला तर तो गिऱ्हाइकाला सांगतो. पुन्हा जुन्या पद्धतीने करून द्या म्हटलं, तर नमुना टाकून दिलेला.

शेवटी निकाल फुंकण्याच्या तपासणीनेच लावला. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर बाहेर येणारी हवा, अपेक्षेच्या ७४ टक्के होती, ७३ झाली. डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसांतून रक्तात वायू किती उतरतो त्याचं माप, जिथल्या तिथे, एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्येही नवं काही नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात एफव्हीसी ५ अंकांनी घसरली, जोडीला धाप वाढली किंवा स्कॅनमध्ये व्रण पसरले, तर औषध बदलण्याचा विचार. २०२३च्या अमेरिकन संधिवात संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही पाळत ठेवायला फुंकण्याची तपासणी आणि एचआरसीटीच सांगितली आहे. रक्ताचा आकडा सोबतीला. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, एकाच पद्धतीचे चार-पाच आकडे हाताशी असते तर डॉक्टरांनाही ते हवेच होते. माझ्याकडे मात्र आता दोन वेगळ्या मापांचे दोन आकडे आहेत.

पॅकेजमधले ईएसआर, सीआरपी हे शरीरातल्या सुजेचे साधे आकडे निव्वळ भरती. त्याच आठवड्यात ते दुसरीकडे झाले होते, आणि गुडघा सुजला तरी ते वाढतात.

एकूण पाचापैकी अडीच तारे, त्यातले दोन त्या मुलीचे. पुढच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तपासणीच्या नावापुढे पद्धतही लिहून दिली आहे. लॅबला कळवलंय, लॅटेक्सने होणार असेल तरच या, आणि येणार असाल तर तिलाच पाठवा.