घडीचा चाकू की म्यानातली सुरी?

शहरात राहून रोज पार्सले उघडणारा, डब्यातले सफरचंद चिरणारा आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा शनिवार-रविवार सह्याद्रीत घालवणारा माणूस चाकू घ्यायला निघाला, की त्याच्यापुढे दोन घराणी उभी राहतात. एकात पाते मुठीत मिटते, म्हणजे घडीचा चाकू. दुसऱ्यात पाते कायम उघडे असते आणि ते म्यानात ठेवावे लागते, म्हणजे अचल पात्याची सुरी. बोलणे हवेत राहू नये म्हणून तीन प्रत्यक्ष नमुने समोर ठेवतो: स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटर मुठीचा ‘स्पार्टन’, फ्रान्समधल्या सावोय प्रांतातला ओपिनेल ८ क्रमांक आणि स्वीडनमधल्या मोरा गावच्या परंपरेतली मोराक्निव्हची ‘कंपॅनियन’ सुरी.

मजबुतीत अचल पाते सरस आहे. त्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे सैल पडायला किंवा अडकायला काही उरत नाही. घडीच्या चाकूची सगळी ताकद एका खिळीवर आणि पाते उघडे धरून ठेवणाऱ्या अडकणीवर अवलंबून असते, आणि ही अडकण प्रत्येक चाकूत सारखी नसते. स्पार्टनमध्ये ती नाहीच. पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर पाते उघडे राहते आणि पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर आला की मिटते. ओपिनेलने १९५५ पासून पात्याच्या मुळाशी फिरणारे लोखंडी कडे बसवले आहे, जे हाताने फिरवले की पाते जागच्या जागी बांधले जाते. लायनर लॉक नावाच्या तिसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्यामागे टेकते. ती नीट टेकली आहे की नाही हे दर वेळी नजरेने पाहावे लागते आणि मुठीत वाळू किंवा चिखल गेला की हमखास अर्ध्यावर राहते. अडकण नसलेल्या एका स्वस्त चाकूच्या टोकाने बांबूला भोक पाडायला गेलो असताना पाते माझ्या तर्जनीवर मिटले होते. तो दोष चाकूचा नव्हता. टोकाने भोसकायचे काम अशा चाकूचे नाहीच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आता प्रश्न असा, की ही जास्तीची मजबुती आपल्याला कुठे लागणार? अचल पात्याच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण लाकूड फोडण्याचा दाखला देतात. सुरी ओंडक्यावर ठेवून तिच्या पाठीवर दांडक्याने ठोकायचे आणि शेकोटीसाठी ढलप्या काढायच्या, ही रीत थंड प्रदेशातल्या जंगलांत उपयोगाची आहे. आपल्याकडे राखीव वनात लाकूड तोडणे आणि आग पेटवणे या दोन्ही गोष्टी भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरतात. शिवाय गडाच्या पायथ्याच्या घरात मुक्काम असेल, तर चूल पेटवणाऱ्या माणसाकडे कोयता असतोच. कोकणात कमरेच्या आकडीला कोयती लटकवून हिंडणाऱ्या माणसाला लाकूड फोडायला आपल्या १० सेंटिमीटर पात्याची सुरी दाखवणे जरा हास्यास्पदच दिसते. कंपॅनियनचे पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत जातही नाही, तेव्हा तिलाही रोजच्या ठोकाठोकीसाठी घेऊ नये.

माझ्या मते अचल पात्याचा खरा फायदा वेगळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते: ती धुता येते. मासा साफ केला, तर खवले आणि रक्त घडीच्या खाचेत शिरते, दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि मग सुईने खाच कोरत बसावे लागते. फणस कापला, तर आणखीच पंचाईत. पात्यावरचा चीक खोबरेल तेलाने निघतो, पण खिळीभोवती बसलेला चीक वाळून पाते असे जखडतो की नखाने उघडत नाही. पीठ, चीज, आंब्याचा रस, ओला गूळ यांचीही तीच गत होते. तळावर चार-सहा माणसांचा स्वयंपाक करायचा असेल, तर प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी पाण्याखाली धरून अर्ध्या मिनिटात स्वच्छ होते, आणि हा एकच मुद्दा मला तिच्याकडे ओढतो. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची असते. जून-जुलैच्या ओल्या हवेत ती फुगते आणि पाते खाचेत घट्ट बसते. मग मुठीचे मागचे टोक दगडावर हलकेच आपटून पाते बाहेर काढावे लागते. सावोयमधले लोकही हेच करतात, पण तिथे आपल्यासारखे चार महिने धो धो कोसळत नाही.

रोजच्या वापरात मात्र पारडे साफ उलटते. स्पार्टन सुमारे ६० ग्रॅमचा आणि ओपिनेल ८ त्याहूनही हलका. दोन्ही खिशात विसरून जाता येतात. कंपॅनियन म्यानासह सुमारे ११५ ग्रॅम भरते. वजन फार नाही, पण ती पट्ट्याला लटकवून लोकलमध्ये उभे राहिलो, तर शेजारचा माणूस सरकून उभा राहील, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. स्पार्टनमध्ये डबा उघडायचे हत्यार आणि दाभण मिळते. बुचाचा स्क्रू आपल्याकडे निरुपयोगी वाटतो, पण ओल्या दोरीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्यासारखे दुसरे काही नाही.

कायद्याचा भाग नीट वाचावा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या वर्गवारीत येते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. वरचे तिन्ही नमुने या मापाच्या निम्म्याहूनही लहान आहेत. एवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर चाकू बाळगण्यावरच बंदी येते, आणि असे आदेश आपल्या शहरांत वरचेवर निघतात. अभयारण्याचा मुद्दा गिर्यारोहकांच्या गावीही नसतो: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूचे नाव स्पष्ट आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर हे आपले लाडके मुलूख अभयारण्यातच मोडतात. फळे कापायच्या छोट्या चाकूवरून कोणी अडवल्याचे मी पाहिलेले नाही, पण कमरेला सुरी बांधून वनरक्षकासमोर जाणे म्हणजे विनाकारण वाद ओढवून घेणे. विमानात दोन्ही प्रकार हातातल्या सामानात चालत नाहीत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक टीप: तिथे सबळ कारणाशिवाय बाळगता येणारा चाकू घडीचा, ३ इंचांपर्यंतच्या धारेचा आणि अडकण नसलेला असावा लागतो. त्यामुळे ओपिनेल ८ तिथे नियमात बसत नाही आणि स्पार्टन बसतो.

पोलादाबद्दल थोडक्यात. ओपिनेल कार्बन आणि गंजरोधक अशा दोन्ही पोलादांत मिळतो. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण लिंबू-कैरीने ते काळे पडते आणि कोकणच्या हवेत रात्रीतून तांबूस होते, म्हणून वापरानंतर पुसून खोबरेल तेलाचा हात द्यावा लागतो. कंटाळा असेल, तर गंजरोधकच घ्यावे. धार लावायला नवशिक्याला कंपॅनियन सगळ्यांत सोपी जाते, कारण तिच्या पात्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकतो आणि कोन हाताने सांभाळावा लागत नाही.

एकच घ्यायचा आणि दिवस बहुतेक शहरात जात असतील, तर मी स्पार्टन घेईन आणि त्याला अडकण नाही हे कधी विसरणार नाही. टोकाचे किंवा जोराचे काम अधूनमधून पडत असेल, तर गंजरोधक पात्याचा ओपिनेल, पावसाळ्यातले चार महिने घरी ठेवायच्या तयारीने. स्वतःची बाग किंवा शेत असेल, मासेमारीचा नाद असेल किंवा गटाचा स्वयंपाक तुमच्याकडे असेल, तर कंपॅनियन. आणि ती कमरेला न बांधता पिशवीत, भांड्यांच्या शेजारी, म्यानात घालून ठेवावी.