क्रॉसफिट काही महिने नेमाने केल्यावर : दमसास कशाने वाढतो आणि कशाने अडतो

निकाल आधीच सांगून टाकतो. आठवड्याला तीन-चार क्लास, मध्ये मोठा खंड नाही आणि वजनं स्वतःच्या कुवतीप्रमाणे उतरवून घेतलेली, असं सहा-आठ महिने केलं तर दमसास चांगलाच वाढतो. पाठ-कंबर-मांड्या एकत्र काम करायला शिकतात आणि कंबरपट्टा एखाददुसरं भोक आत जातो. वजनकाटा मात्र फारसा हलत नाही. दंड फुगवायचे असतील तर हा रस्ता लांबचा आहे. आणि जिमच्या फळ्यावर त्या दिवसासाठी लिहिलेलं वजन जसंच्या तसं उचलायच्या हट्टाला पेटलेल्यांना यातलं निम्मंही पदरात पडत नाही.

ज्यांना हे प्रकरणच नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी २००० साली कॅलिफोर्नियात क्रॉसफिट सुरू केलं. मूळ कल्पना तीन गोष्टींची आहे: व्यायाम सतत बदलता, हालचाली रोजच्या कामातल्या (उचलणं, ढकलणं, ओढणं, बसून उठणं, धावणं) आणि तीव्रता जास्त. जिमला बॉक्स म्हणतात, त्या दिवसाच्या व्यायामाला वॉड. ठरलेलं काम लवकरात लवकर संपवायचं असेल तर तो ‘फॉर टाइम’, ठरलेल्या वेळात जमतील तितके राउंड मारायचे असतील तर ‘अ‍ॅमरॅप’ आणि दर मिनिटाच्या सुरुवातीला ठरावीक रेप्स (एकाच हालचालीची आवर्तनं) करून उरलेल्या सेकंदांत श्वास घ्यायचा असेल तर ‘ईमॉम’. तासाचा क्लास साधारण असा जातो: दहा-बारा मिनिटं वॉर्मअप, पंधरा-वीस मिनिटं ताकद किंवा तंत्र, मग आठ ते वीस मिनिटांचा वॉड. उरलेला वेळ वजनं लावण्या-काढण्यात आणि स्ट्रेचिंगमध्ये. खरा घाम गाळायचा वेळ किती कमी आहे हे पाहून नवखे बुचकळ्यात पडतात.

आता त्या हट्टाचं. ‘फ्रॅन’ हा सगळ्यात गाजलेला वॉड घ्या. थ्रस्टर आणि पुल-अप. आधी दोन्हीचे २१-२१, मग १५-१५, मग ९-९. थ्रस्टर म्हणजे बार खांद्यावर ठेवून पूर्ण खाली बसायचं आणि उठतानाच्याच जोरात तो डोक्यावर नेऊन हात सरळ करायचे. लिहिलेलं वजन पुरुषांना ९५ पौंड, म्हणजे ४३ किलो, आणि स्त्रियांना ६५ पौंड, म्हणजे साधारण ३० किलो. मुरलेले खेळाडू हे तीन मिनिटांच्या आत उरकतात. हा वॉड मुळात तेवढ्याच वेळासाठी बांधला आहे: फुप्फुसं पेटली पाहिजेत, पण हात थांबता कामा नयेत. नवखा माणूस ४३ किलो घेऊन हाच वॉड पंधरा मिनिटं ओढतो, तेव्हा त्यातली निम्मी मिनिटं तो गुडघ्यांवर हात टेकून बारकडे बघत उभा असतो. व्यायाम तोच, शरीरावरचा ताण भलताच. बार नुसता, म्हणजे २० किलोचा ठेवावा, पुल-अपऐवजी रिंग धरून तिरकं ओढावं आणि पहिले २१ जास्तीत जास्त तीन हप्त्यांत संपतील असं बघावं. सहा-सात मिनिटांत संपला तर फ्रॅन केला असं म्हणता येईल. यालाच स्केल करणं म्हणतात, आणि चांगला कोच ओळखायची पहिली खूण तीच: तो ‘किती उचलणार?’ याआधी ‘हा वॉड किती मिनिटांत संपायला हवा’ ते सांगतो.

दमसास मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. वॉड संपल्याबरोबर नाडी मोजायची, एका मिनिटाने पुन्हा मोजायची आणि फरक वहीत लिहायचा. तीन-चार महिन्यांत हा फरक वाढताना दिसतो, म्हणजे हृदय लवकर शांत व्हायला लागतं. दुसरं माप ‘सिंडी’: वीस मिनिटांचा अ‍ॅमरॅप, प्रत्येक राउंडला ५ पुल-अप, १० पुश-अप, १५ स्क्वॉट. मिनिटाला एक राउंड जमला तर वीस होतात, आणि वीस म्हणजे उत्तम. सुरुवात रिंग रो (तेच रिंग धरून तिरकं ओढणं) आणि उंचवट्यावर हात टेकून केलेल्या पुश-अपने करावी. इथे नेहमी पुश-अपच आधी दगा देतात, दम नव्हे. म्हणून पहिल्या राउंडपासूनच ५-५ असे तोडावेत. दहा सलग मारून सातव्या मिनिटाला जमिनीवर पालथं पडण्यापेक्षा ते बरं.

थोडक्या वेळात इतकं का मिळतं, याचं बरंचसं उत्तर इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या जपानी प्रयोगात आहे. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस. एक गट सायकलवर मध्यम वेगाने तासभर. दुसरा गट २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ वेळा. ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली. ऑक्सिजनविना काम करायची क्षमता मात्र दुसऱ्याच गटात, आणि तीही २८ टक्के, वाढली. पण त्यांची तीव्रता कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या १७० टक्के होती. बॉक्समध्ये ‘तबाता’ म्हणून जे सिट-अप चालतात त्यात घड्याळ तबातांचं असतं, बाकी काही नसतं.

ताकदीचा हिशेब वेगळा. पहिल्या दोन-एक महिन्यांत बॅक स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) यांचे आकडे भराभर चढतात, कारण मज्जासंस्था आहे तेच स्नायू नीट वापरायला शिकते. त्यानंतर गाडी अडते, आणि त्याला बहुधा ‘सतत बदल’ हेच कारण असतं. दर आठवड्याला वेगळा लिफ्ट, म्हणजे वजन उचलायचा प्रकार, आला की कशातच पुरेसा सराव साचत नाही. उपाय असा: ताकदीच्या भागात एकच लिफ्ट आठ-दहा आठवडे धरायचा, पाचाचे पाच सेट, दर वेळी अडीच किलो वाढवायचे, सलग दोनदा रेप्स चुकले की दहा टक्के उतरवायचे. बदल हवा तो वॉडमध्ये. ज्या बॉक्समध्ये महिन्याचा आराखडा आधी लावत नाहीत, रोज सकाळी मनाला येईल ते फळ्यावर लिहितात, तिथे विविधतेच्या नावाखाली पोटापेक्षा खांद्यांचाच चुराडा जास्त होतो.

‘रोजच्या कामातल्या हालचाली’ हा दावा मात्र खरा उतरतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट वजन तीसच्या आसपास जातं. डेडलिफ्ट आणि फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजनं धरून चालणं) नेमाने करणाऱ्याला तो दोन मजले चढवताना फरक कळतोच. तसं पाहिलं तर जोर, बैठका, मुदगल, मल्लखांब यांत हे सगळं होतंच. तालमीत फक्त वेळ लावून फळ्यावर नाव लिहायची पद्धत नव्हती. आणि खरं सांगायचं तर माणसं टिकतात ती त्या फळ्यामुळेच.

बिघडतं कुठे, ते जरा सविस्तर.

खांदा. हेलकावा घेऊन मारायचे किपिंग पुल-अप दिसायला सोपे, पण खाली येताना शरीराचं सगळं वजन झटक्याने खांद्याच्या सांध्यावर येतं. न हेलकावता किमान पाच पुल-अप नीट जमेपर्यंत किपिंगच्या वाटेला जाऊ नये. तोवर रिंग रो, आणि वर उडी मारून तीन-चार सेकंदांत सावकाश उतरणं. मात्र हे सावकाश उतरणंही सेटला तीन-चारच, कारण खाली लिहिलेल्या धोक्याची वाट तिथूनच जाते.

कंबर. थकल्यावर केलेले जास्त रेप्सचे डेडलिफ्ट हे मुख्य कारण. पाठीला बाक यायला लागला की तोच शेवटचा रेप समजावा, घड्याळ काहीही म्हणो. केटलबेल स्विंगमध्ये (कडी असलेलं घंटेसारखं वजन झुलवणं) तर निम्मे लोक खाली बसतात. तिथे बसायचं नाही, नितंब मागे ढकलत खुब्यातून पुढे वाकायचं आहे. घंटा गुडघ्यांच्या वरून पायांमधून मागे जाते आणि नितंबांच्या झटक्याने पुढे येते. हात फक्त दोरी.

टाच. बॉक्स जंपमध्ये, म्हणजे खोक्यावर उडी मारण्यात (नेहमीची उंची पुरुषांना २४ इंच, स्त्रियांना २०), उडी मारून खाली येताच चेंडूसारखं पुन्हा उसळणं हा घोट्यामागची शीर, म्हणजे अकिलीस, तोडून घ्यायचा सरळ मार्ग. चाळिशीनंतर तर नकोच. वर उडी मारावी, खाली पायरी उतरल्यासारखं उतरावं. वेळ थोडा जातो, जाऊ द्यावा.

रोइंग मशीन (वल्हवल्यासारखं ओढायचं यंत्र). बाजूचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी खिटी, दहावर नेला की मेहनत जास्त होते, हा गोड गैरसमज. चारच्या आसपास ठेवावा. ओढायचा क्रम पाय, धड, हात. परत येताना बरोबर उलटा. हात आधी वाकले की कोपरं भरून येतात आणि ५०० मीटरची वेळ जागची हलत नाही.

तळहात. घट्टे पायमोज्याखालच्या टाचेसारखे आठवड्याला घासून सपाट ठेवले तर फाटत नाहीत. चॉक (पकड न सुटण्यासाठी हाताला लावायची पांढरी पूड) थोडाच लावावा. थर साचला की कातडी जास्त ओढली जाते.

आणि खरा धोका, रॅब्डोमायोलिसिस. नेहमीचं अंगदुखीचं ठसठसणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाऊन ओसरतं. पण हात सुजून कोपर सरळ होत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद येते, तेव्हा स्नायूंचे तुकडे रक्तात उतरून मूत्रपिंडावर भार पडलेला असतो. तेव्हा घरगुती उपाय नकोत, थेट रुग्णालय गाठायचं. हे बहुतेक वेळा सुट्टीनंतर परतलेल्यांना होतं: दम बऱ्यापैकी टिकून असतो, स्नायूंची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच आकड्यांनी सुरुवात करतो. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर पहिल्या आठवड्यात निम्मेच रेप्स.

कोकणपट्टीत आणि मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत ही काळजी दुप्पट. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पत्र्याचं छप्पर असलेल्या बॉक्समध्ये संध्याकाळचा क्लास टाळून पहाटेचा धरावा आणि नंतर साध्या पाण्याऐवजी मीठ घातलेलं लिंबू सरबत घ्यावं. रक्तदाब आटोक्यात नाही, हृदयविकार आहे, हर्निया आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण गोळी नाडी चढूच देत नाही. त्यांनी ‘व्यायाम करताना एखादं वाक्य बोलता येतंय का’ यावरून तीव्रता ठरवावी.

जेवणात प्रथिनांकडे दुर्लक्ष झालं की प्रगती तिसऱ्या महिन्यात थांबते. शरीराच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या वर धरलं तर ६० किलोच्या माणसाला ९० ते १०० ग्रॅम लागतात. वरणभात आणि दोन पोळ्यांत ते बसत नाही. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास आणि पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीसच्या आसपास. शाकाहारी घरात सोयाचा हिशेब सगळ्यात स्वस्त पडतो, चवीचं ज्याचं त्याने बघावं.

खर्च साध्या जिमपेक्षा बराच जास्त आहे. फी वर्षाची एकरकमी भरू नये. आधी एक महिना भरून एका क्लासला किती माणसं आणि किती कोच असतात ते मोजावं. एका कोचमागे बारा-पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर तुमच्या पाठीचा बाक कुणाला दिसणार नाही. सामानात आधी सपाट आणि कडक तळाचे बूट घ्यावेत. गादीसारख्या तळाचे धावायचे बूट घालून स्क्वॉट डगमगतो. मग उड्या मारायची स्वतःची दोरी: एक पाय मधोमध ठेवून दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर, डबल अंडर (एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढणं) जमायला लागल्यावर ती थोडी कमी करावी. वजनी जॅकेट पहिल्या वर्षी घेऊ नये, दुकानदार कितीही मागे लागला तरी.