पोस्टकार्ड की इंजिन?
गिरगावच्या चाळीत पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचं म्हणजे एका चालीला आठवडा, वर पोस्टमनची वाट. पण शोध आपला असायचा. 1965 ते 68 च्या पत्र-बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या हान्स बर्लिनरने काळ्या मोहऱ्यांनी सोव्हिएत खेळाडू एस्ट्रिनला हरवलं, ते ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या चालींत) घरी खोदून ठेवलेल्या चालींच्या जोरावर. (गंमत म्हणजे, हाच पुढे बुद्धिबळ खेळणारे संगणक बनवू लागला!)

आज आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात इंजिनाला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, परवानगीच आहे. चाल लोकलमधूनही पाठवा, टपालखर्च शून्य. पण ढोबळ चुका संपल्या. राजे धरून सात मोहरे उरले की निकाल संगणकाने आधीच काढून ठेवलेल्या कोष्टकात तयार. वरच्या पातळीवर बरोबरीच बरोबरी. जिंकायचं तर इंजिनाला उशिरा उमगणारी ओपनिंग शोधा, हे काम महिनोन्‌महिन्यांचं.

शिकायला इंजिनच बरं. मी मात्र दादरच्या मित्राशी अजून कार्डावरच खेळतो, इंजिन बंद ठेवायच्या बोलीवर.