चांदीकामाचा नवशिक्यांचा संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

करवतीची चौकट, ब्लेडचा गठ्ठा, छोटा ब्युटेन टॉर्च, अंगठीचा मँड्रेल (अंगठी गोल करण्याचा निमुळता दांडा), पकडी, कानशी, चिमटे, टाकणखार (डाग नीट वाहावा म्हणून जोडाला लावायचा क्षार) आणि डागाच्या पट्ट्या (डाग म्हणजे वितळवून दोन तुकडे जोडणारा मिश्रधातू) असा हा ऑनलाइन मिळणारा स्वस्त संच. निम्म्या वस्तू टिकल्या. उरलेल्या पहिल्याच महिन्यात बदलाव्या लागतात.

चौकट बरी आहे, ब्लेड मात्र टाकाऊ. 0.8 ते 1 मिमी पत्र्यासाठी 2/0 नंबरचे चांगले ब्लेड वेगळे घ्या. पत्र्याच्या जाडीत किमान दोन-तीन दाते बसले पाहिजेत, नाहीतर दाता अडकून ब्लेड तुटते. दाते मुठीकडे, म्हणजे खाली झुकलेले हवेत. चौकट छातीने टेबलाच्या कडेवर दाबून ब्लेड कसायचे; नखाने छेडल्यावर टणकन वाजले की ताण बरोबर. वळणावर पुढे रेटू नका. करवत जागच्या जागी वरखाली चालवत पत्रा हळूहळू फिरवा. ब्लेडला थोडे मेण लावले की काम हलके होते.

टॉर्च अंगठी, कानातले, साखळीच्या कड्या एवढ्यांसाठी पुरतो. जाड कड्याला नाही. चांदी उष्णता इतक्या झपाट्याने पसरवते की लहान ज्योतीने संपूर्ण कडे एकसारखे तापतच नाही. निळ्या आतल्या ज्योतीच्या टोकाच्या किंचित पुढे सर्वांत जास्त उष्णता असते.

संचातल्या डागाच्या पट्ट्यांवर ना वितळणबिंदू लिहिलेला, ना कॅडमियम आहे की नाही ते. सरळ फेकून द्या. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना घातक असतो. कॅडमियममुक्त हार्ड, मीडियम आणि ईझी असे तीन डाग (हार्ड सर्वांत जास्त तापमानाला वितळतो, ईझी सर्वांत कमी) सराफा बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात मागा. एकाच दागिन्याला अनेक डाग द्यायचे तर क्रम हार्डपासून ईझीकडे, म्हणजे आधीचा जोड सुटत नाही.

नवशिक्याची मुख्य अडचण इथेच येते. डाग फट भरत नाही. जोडाची दोन्ही टोके उजेडासमोर धरल्यावर प्रकाश दिसला तर पुन्हा कानस मारा. मग टाकणखार लावून डागाचा बारीक तुकडा ठेवा आणि ज्योत डागावर नव्हे, आजूबाजूच्या धातूवर फिरवा. टाकणखार आधी फुगून पांढरा होतो, नंतर काचेसारखा पारदर्शक. तसे झाले की डाग वाहायच्या बेतात आहे. डाग गोळी होऊन एका बाजूला पळाला, तर दुसरी बाजू थंड आहे किंवा धातू मळका आहे. 92.5 टक्के चांदी साधारण 800 अंश सेल्सियसला वितळू लागते आणि हार्ड डाग त्याच्या थोडाच खाली वाहतो, म्हणून सराव तांब्यावर करावा. तांबे 1085 अंशांपर्यंत टिकते.

अंगठीच्या पट्टीची लांबी = (आतला व्यास + पत्र्याची जाडी) × 3.14. व्यास 17 आणि पत्रा 1.2 मिमी असेल तर साधारण 57 मिमी. जाडी विसरलात की अंगठी घट्ट होते.

डाग दिल्यावरचा काळेपणा गरम तुरटीच्या पाण्यात जातो. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, चांदीवर तांब्याचा लालसर थर चढतो. संचातले चिमटे लोखंडीच आहेत. तांब्याचा वेगळा घ्या. मँड्रेलवर आकाराच्या खुणा चुकीच्या कोरल्यात, व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच काम करा.