दोघांत एक, की एकेकाला एक?

नवं घर लावताना जोडपी कंपनी, मॉडेल आणि सवलती यांवर रात्र रात्र घालवतात. त्याआधीचा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. ही वस्तू दोघांत मिळून एक मोठी घ्यायची, की प्रत्येकाची आपापली छोटी? घरातली रोजची निम्मी कुरबुर या एका प्रश्नाशी येऊन थांबते, म्हणून इथे तुलना कंपन्यांची नाही, या दोन पर्यायांची आहे.

ठरवताना दोनच गोष्टी पाहायच्या. ती वस्तू तुम्ही दोघं एकाच वेळी वापरता की पाळीपाळीने? आणि तिचा संबंध तुमच्या अंगाशी, म्हणजे उंची, वजन, ऊब, झोपेची वेळ यांच्याशी आहे का? पाळीपाळीने वापरायची आणि कुणीही वापरली तरी फरक न पडणारी वस्तू एकच घ्यावी आणि चांगली घ्यावी. एकाच वेळी वापरायची आणि अंगाला भिडणारी असेल, तर दोन घेतलेल्या बऱ्या. काही वस्तू या दोहोंच्या मधे अडकतात. गादी त्यातलीच.

पांघरूण: दोन

सोप्यापासून सुरुवात करू. दोन मीटर रुंदीच्या डबल दुलईत एकेकाच्या वाट्याला कागदावर शंभर सेंटिमीटर येतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण दोन अंगांच्या मधे दुलई तंबूसारखी ताणली जाते आणि खांद्यांपाशी राहिलेल्या फटीतून गार हवा आत शिरते. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची पाठ उघडी. सिंगल दुलई साधारण 135 ते 140 सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे दोन घेतल्या तर दोघांना मिळून पावणेतीन मीटर कापड मिळतं, आणि ओढाओढीचा प्रश्नच उरत नाही.

त्याहून मोठा फायदा जाडीचा. खोलीचं तापमान दोघांना एकच असतं, ते वाटून घेता येत नाही. पांघरूण वाटून घेता येतं. काही दुलयांवर ऊब धरण्याची क्षमता टॉग या मापात छापलेली असते. 4.5 टॉग म्हणजे हलकी, 10.5 मध्यम, 13.5 चांगली जाड. एकाला रात्री उकडतं आणि दुसऱ्याचे पाय गार पडतात अशा घरात 4.5 आणि 10.5 शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पंख्याच्या वेगावरून होणारी बोलाचालीही यात बरीच मिटते.

तोटा म्हणाल तर सकाळी पलंग आवरल्यावर तो हॉटेलातल्यासारखा दिसत नाही. दोन पांघरुणं म्हणजे दोघांत काहीतरी बिनसलंय, असा अर्थ काढणारे पाहुणेही असतात. त्यांना झोपायची खोली दाखवायलाच हवी असं नाही.

गादी: पलंगाची रुंदी विचारा

इथे घाईने निकाल देता येत नाही. आधी हिशोब पाहू. 150 सेंटिमीटर रुंदीच्या पलंगावर प्रत्येकाला 75 सेंटिमीटर मिळतात. बाळाच्या पलंगाचा एक नेहमीचा आकार 70 बाय 140 असतो. म्हणजे दोन मोठी माणसं आयुष्यभर बाळापेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर जास्त जागेत झोपतात! 160 च्या पलंगावर 80 येतात आणि 180 वर 90, म्हणजे प्रत्येकाला पुरता सिंगल बेड.

म्हणून 160 किंवा त्याहून कमी रुंदीत गादीचे दोन तुकडे करू नयेत. अरुंद गादीच्या कडा बसतात, मधली फट जाणवते आणि आहे ती जागाही वापरता येत नाही. तिथे एकच गादी घ्या आणि ती कशाची आहे याकडे लक्ष द्या. जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंतवलेल्या असतात. एका बाजूला कुणी उठलं की लाट दुसऱ्या बाजूला पोचते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपल्या कापडी पिशवीत बंद असते, त्यामुळे जिथे वजन पडतं तेवढीच दबते. मेमरी फोम हालचाल सर्वात जास्त गिळतो. 1966 च्या सुमारास तो नासाच्या एका कामातून, विमानातल्या आसनांच्या गाद्यांसाठी तयार झाला, म्हणजे धक्का जिरवणं हे त्याचं मूळचंच काम. पण तो अंगाची उष्णता धरून ठेवतो, आणि खोली गार असेल तर सुरुवातीला टणक लागतो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, लवचीक असतो, मेमरी फोमपेक्षा कमी तापतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मात्र तो इतका जड असतो की चादर बदलताना कोपरा उचलणं हा व्यायाम होतो. शिवाय घरात कुणाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर तो बादच.

180 च्या पलंगावर माझं मत स्पष्ट आहे: 90 च्या दोन गाद्या, आणि वर दोन्ही झाकणारा एकच पाचेक सेंटिमीटरचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायची पातळ गादी. कारण वजनात फरक असला की एकाच मऊ गादीवर जड माणसाच्या बाजूला खड्डा पडतो आणि हलकं माणूस रात्रभर त्या उतारावर घसरत राहतं. शिवाय प्रत्येकाची झोपायची तऱ्हा वेगळी. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर थोडी आत रुतायला हवी, म्हणून त्याला जरा मऊ गादी लागते. पोटावर झोपणाऱ्याला मऊ गादीवर कंबर खाली वाकून त्रास होतो. एकाच गादीत या दोघांची गाठ घालायची म्हणजे दोघांनीही थोडं थोडं गैरसोयीत झोपायचं.

टणकपणावरून वाद होत असेल तर एक गोष्ट माहीत असलेली बरी. 'पाठीसाठी कडक गादीच चांगली' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम टणक गादी देऊन 90 दिवसांनी तपासलं होतं. त्यात मध्यम टणक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तेव्हा 'मला मऊच हवी' म्हणणाऱ्याला लगेच आळशी ठरवू नका, आणि लाकडी फळीसारखी गादी मागणाऱ्याचंही सगळं ऐकू नका.

दोन गाद्या घेतल्या तर उंची नेमकी सारखी हवी. 20 आणि 22 सेंटिमीटर चालत नाहीत, पायरी होते आणि टॉपरखालूनही ती जाणवते. मधल्या फटीसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची फोमची पट्टी मिळते, पण टॉपर असेल तर तिची गरज सहसा पडत नाही. दोन सुट्या गाद्या एका डबल गादीपेक्षा बहुधा महाग पडतात. बदल्यात एकीचा जीव आधी गेला तर तेवढीच बदलता येते. भाड्याच्या घरात राहत असाल तर आणखी एक फायदा. अरुंद जिन्यात 90 ची गादी वळते, 180 ची अडते. दाबून गुंडाळलेली फोमची गादी खोक्यातून सहज घरात येते, पण एकदा फुलली की घर बदलताना पुन्हा तशी गुंडाळता येत नाही. हे खरेदीच्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही.

दुकानात गेलात तर दोघांनी एकदम आडवं व्हा, आपापल्या नेहमीच्या कुशीवर, पंधरा मिनिटं तरी. गादीच्या कडेवर बसून हाताने दाबून पाहण्याला काही अर्थ नाही.

उजेड: छतावर एक, उशाशी दोन

झोपायच्या खोलीत छताला एकच झगझगीत दिवा असेल तर रोज रात्री कुणीतरी हरतं. वाचणारा पुस्तक मिटतो, नाहीतर झोपणारा डोळ्यांवर हात घेतो. यावर दोन पर्याय सुचवले जातात: छतावरचा दिवा स्मार्ट करून मंद करणं, किंवा उशाशी दोन दिवे लावणं.

स्मार्ट बल्ब ऐकायला छान वाटतो, पण खोली तरी एकच उजेडाची राहते. मंद केला की वाचणाऱ्याला दिसत नाही, वाढवला की झोपणाऱ्याला खुपतो. शिवाय त्याला वीज सतत लागते. सवयीने कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की फोनवरून तो चालू होत नाही, आणि हे दोघांपैकी एकजण रोज करतोच. उशाशी दोन दिवे हा साधा, जुनाट वाटणारा पर्याय इथे सरळ जिंकतो.

घेताना वॉट पाहू नका, ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, पाहा. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब साधारण 800 ल्युमेन उजेड द्यायचा. तेवढाच उजेड आज आठ-नऊ वॉटच्या एलईडीत मिळतो. उशाशी वाचायला 250 ते 400 ल्युमेन पुष्कळ झाले, पण उजेड पानावर पडायला हवा. मान वळवता येणारा, झाकण असलेला दिवा घ्या आणि तो पलंगाच्या बाहेरच्या बाजूला, टेकून बसल्यावर खांदा आणि कान यांच्या मधे येईल इतक्या उंचीवर लावा. मग पुस्तक धरणाऱ्याचं अंगच शेजाऱ्यासाठी पडद्याचं काम करतं. बटण झोपल्या जागी हाताला लागलं पाहिजे, नाहीतर पंधरा दिवसांत तो दिवा शोभेचा होतो.

रंग 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर. 6500 चा पांढरा दिवा उशाशी नको. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, त्यांना 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड सर्वात जास्त जाणवतो, आणि पांढऱ्याशुभ्र दिव्यात तो भरपूर असतो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं आणि डिमरही एलईडीला चालणारा हवा. बल्ब आणि डिमर यांचं जमलं नाही तर दिवा थरथरतो किंवा बारीक गुणगुणतो, आणि रात्रीच्या शांततेत ते फार ऐकू येतं. कपाटाच्या आरशापाशी मात्र रंग खरे दिसायला हवेत. तिथल्या बल्बवर सीआरआय हा, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा 90 च्या पुढे आहे का ते पाहा.

टेबल एक चालेल, खुर्च्या दोन

दोघंही घरून काम करत असाल तर लोक आधी टेबलावर पैसे घालतात. उलट करा. टेबल साधारण 72 ते 75 सेंटिमीटर उंचीचं असतं आणि ते बहुतेकांना चालतं. बदलायला हवी ती खुर्चीची उंची, कारण कोपर टेबलाच्या पातळीला यावं लागतं. बुटक्या माणसाने खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. त्याला पायाखाली पाट किंवा स्टूल द्यावं, इतका सोपा तो इलाज आहे. एक महागडी खुर्ची आणि एक प्लॅस्टिकची, पाळीपाळीने, हा समझोता दिसायला समंजस वाटतो. प्रत्यक्षात ज्याची मीटिंग लांबते त्याला चांगली खुर्ची मिळते आणि दुसऱ्याची पाठ दुखते.

टेबल एकच घेतलंत तर निदान 160 सेंटिमीटर लांब आणि पक्क्या पायांचं. डुगडुगणाऱ्या टेबलावर एकाच्या टायपिंगने दुसऱ्याचा स्क्रीन हलतो. दोघांचे कॉल एकाच वेळी असतात का? असतील तर लांब टेबल विसरा, दोन खोल्यांत दोन छोटी टेबलं ठेवा. आवाजावर फर्निचरचा उपाय नाही.

चार्जरचं थोडक्यात सांगायचं तर दोन. दोन पोर्टचा 65 वॉटचा एक चार्जर सुटसुटीत दिसतो, पण दुसरं यंत्र जोडलं की शक्ती वाटली जाते. लॅपटॉपला 45 च्या आसपासच उरतात, आणि बऱ्याच चार्जरमध्ये त्या क्षणी पहिल्याचं चार्जिंग तुटून पुन्हा सुरू होतं. आणि तो चार्जर पलंगाच्या कुठल्या बाजूला ठेवायचा, हा वेगळा वाद.

वॉशिंग मशीन: एकच, आणि टोपलीही मिळून

इथे वेगळेपणाचा आग्रह सोडा. 'माझे कपडे मी धुईन, तुझे तू' अशी वाटणी काही घरांत असते. ती न्यायाची वाटली तरी वाया जाणारी आहे, कारण अर्धं भरलेलं मशीन निम्म्या पाण्यात चालत नाही. वजन ओळखणारी मशीन्स पाणी थोडं कमी घेतात, एवढंच. टोपल्या दोन ठेवा, पण माणसांप्रमाणे नाही. एक गडद कपड्यांची, एक फिक्या.

फ्रंट लोड की टॉप लोड? फ्रंट लोड पाणी बरंच कमी घेतं आणि मिनिटाला 1200-1400 फेऱ्यांनी पिळतं, त्यामुळे कपडे लवकर वाळतात. वाळत घालायला जागा कमी असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. पण सुती कपड्यांचं चक्र दोन-तीन तास चालतं, कमी फेसाची पावडर लागते, आणि दाराचं रबर पुसून दार किलकिलं ठेवलं नाही तर बुरशीचा वास येतो. टॉप लोड लवकर आटोपतं, वाकावं लागत नाही, मधेच राहिलेला मोजा टाकता येतो, नळाला दाब कमी असला तरी वरून बादलीने पाणी भरता येतं. पाणी मात्र जास्त पितं, आणि सहसा 700-800 फेऱ्यांवर थांबत असल्यामुळे कपडे ओलसर निघतात. पाणी मुबलक आणि वेळ कमी असेल तर टॉप लोड, उलट असेल तर फ्रंट लोड. फ्रंट लोड नवं आलं की मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का ते तपासा. ते राहिले तर पहिल्याच पिळणीला मशीन खोलीभर चालत सुटतं.

आकाराचा निर्णय दुलईवर सोपवा. सिंगल दुलया असतील तर दोघांना सात किलोचं पुरतं, एकावेळी एक दुलई धुवायची. जाड डबल दुलई घरीच धुवायची असेल तर नऊ किलो पाहावं लागेल. मशीन पुढून बहुधा 60 सेंटिमीटर रुंदच असतं, मोठा ड्रम मशीनचं पुढून मागेपर्यंतचं माप वाढवतो. तेव्हा न्हाणीघराच्या दारासोबत आतल्या भिंतीपर्यंतचं अंतरही मोजा, आणि मागच्या नळीसाठी त्यात दहा सेंटिमीटर सोडा.